राजीनाम्याची उरलेली पानं

चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीत मंडप पडतो, आणि मंडपात एक वाक्य हमखास ऐकू येतं : बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर लाथ मारली. टाळ्या पडतात. मीही टाळ्या वाजवल्यात, माईक हातात आल्यावर मीही तेच बोललोय. वाक्य खोटं नाही. पण १० ऑक्टोबर १९५१ चं ते राजीनाम्याचं निवेदन तुमच्यापैकी किती जणांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय? महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत, चौदाव्या खंडात ते आहे. हिंदू कोड त्यात येतं ते शेवटी. त्याच्या आधीची पानं खातेवाटपाबद्दल आहेत, नियोजनाबद्दल आहेत, देशाच्या तिजोरीबद्दल, काश्मीरबद्दल, पूर्व बंगालबद्दल आहेत. ती आपण वाचत नाही, आणि ज्यांना बाबासाहेब फक्त 'घटनेचे शिल्पकार' म्हणून भिंतीवर हवेत त्यांना तर ती कुणी वाचलेलीच नको आहेत.

मागे एका शिबिरात ह्या पानांविषयी बोलत होतो. एक पोरगा उठला, म्हणाला, 'सर, परराष्ट्र धोरणाशी आपलं काय देणंघेणं? आपले प्रश्न वेगळे.' पोरगा प्रामाणिक होता. 'आपले प्रश्न' म्हणजे स्कॉलरशिप, राखीव जागा, बॅकलॉग, अत्याचाराची केस, फार तर गायरान. एवढ्याच चौकटीत बोलायची सवय त्याला लावली गेलीय. ही चौकट कुणी आखली ते बघायचं असेल तर १९४७ पासून सुरुवात करावी लागते.

आधी एक वर्ष मागं जाऊ. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबई प्रांतातून घटना समितीवर जायला बाबासाहेबांना मतंच नव्हती. त्यांना निवडून पाठवलं बंगालनं, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नामशूद्र बांधवांनी. सप्टेंबर १९४६ मध्ये दिल्लीत हंगामी सरकार बसलं, त्यात बाबासाहेबांना जागा नव्हती. पुढं फाळणी झाली, बंगालची ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये काँग्रेसनंच त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून आणलं. १५ ऑगस्टला ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले. वर्षापूर्वी जो माणूस पंगतीला बसवण्याच्या लायकीचा नव्हता त्याला आता पाट मांडला गेला. बाबासाहेबांनाही ह्याचं आश्चर्य वाटलं होतं, हे त्यांनी निवेदनाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय.

नेहरूंनी विचारलं तेव्हा त्यांनी काय मागितलं? कायदा खातं म्हणजे म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेली साबणाची रिकामी पेटी, असं ते खातं दिल्लीत ओळखलं जाई. म्हणून त्यांनी नेहरूंना स्पष्ट सांगितलं की मी नुसता वकील नाही, कारभाराची खाती मी चालवलेली आहेत, मला नियोजनाचं खातं पाहिजे. नेहरू म्हणाले, नियोजनाचं खातं काढायचंय, ते तुम्हाला देऊ.

ही मागणी हवेतली नव्हती, मित्रांनो. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, आणि त्या काळी पाटबंधारे आणि वीज ह्यांचं केंद्रातलं धोरण मजूर खात्याकडे होतं. दामोदर नदीच्या खोऱ्याची योजना, ओरिसातल्या नद्यांच्या योजना, त्यांच्या परिषदा बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. पूर अडवायचा, पाणी साठवायचं, त्याच पाण्यातून वीज आणि त्याच पाण्यातून जलवाहतूक, अशी एकत्र मांडणी त्यांनी तिथं केली. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा कायदा झाला तेव्हा ह्या कामाची आठवण कुणाला राहिली नव्हती. धरणांना पुढं 'मंदिरं' म्हणायची फॅशन आली. गवंडी कोण होता ते मंदिराच्या पाटीवर लिहीत नसतात, हा आपला जुना अनुभव.

आणि अर्थशास्त्र? कोलंबिया आणि लंडन. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, शेतीच्या तुकड्यांवरचा निबंध : जमीन थोडी आणि तिच्यावर पोट भरणारी माणसं जादा, हे दुखणं तुकडे जोडून बरं होणार नाही, त्याला कारखानदारी पाहिजे. १९४७ च्या मार्चमध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी लिहून दिलं होतं की मूलभूत उद्योग सरकारचे असावेत, विमा सरकारचा असावा, शेतीसुद्धा सरकारी मालकीचा उद्योग म्हणून चालवावी, आणि हे सगळं घटनेतच लिहावं म्हणजे उद्या बहुमत बदललं तरी ते पुसता येणार नाही. आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतला तो १९५६ मध्ये, नऊ वर्षांनी. शेतीचं तर नावच काढू नका.

आता अशा माणसाला त्या मंत्रिमंडळात काय मिळालं? मार्च १९५० मध्ये नियोजन मंडळ आलं. पंतप्रधान अध्यक्ष, गुलझारीलाल नंदा उपाध्यक्ष, सदस्यांत आपले चिंतामणराव देशमुखही होते. बाबासाहेब नव्हते. संरक्षण समिती, परराष्ट्र समिती, दोन्हींत ते नव्हते. आर्थिक व्यवहार समिती झाली तेव्हा त्यांना वाटलं की इथं तरी आपल्याला घेतील, अर्थशास्त्र हा आपला मूळ विषय. तिथूनही वगळलं. पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळानं त्यांना त्या समितीवर घेतलं, पंतप्रधान परत आले आणि फेररचनेत नाव पुन्हा गायब. पुढं निषेध केला तेव्हा कुठं नाव लागलं. एका मंत्र्याकडे दोन-दोन तीन-तीन खाती, आणि कुणी परदेशी गेला तर त्याचं खातं तात्पुरतं सांभाळायलाही ह्यांना कुणी सांगत नव्हतं.

बाबासाहेबांनी ह्याला जात हा शब्द लावलेला नाही. त्यांनी नुसता हिशेब मांडला. शब्द आपण लावू शकतो.

ते दिवस कसले होते बघा. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड घसरला, त्याच्या मागोमाग रुपयाची किंमत तीस टक्क्यांनी उतरवली. पाकिस्ताननं आपला रुपया उतरवला नाही, आणि दोन देशांचा व्यापार जवळजवळ ठप्प झाला. कच्चा ताग पूर्व बंगालात, तागाच्या गिरण्या कलकत्त्याच्या हुगळीकाठी. हा सगळा मामला रुपयाच्या भावाचा होता, आणि रुपयावर डॉक्टरेट केलेला माणूस त्याच मंत्रिमंडळात कायद्याचे मसुदे तपासत होता. मंत्रिमंडळाच्या कारभाराबद्दलही त्यांची तक्रार होती. निर्णय समित्यांत आधीच ठरतात, मंत्रिमंडळ म्हणजे नोंदणी कचेरी झालीय, असा तिचा आशय. १९५० मध्ये अर्थमंत्री जॉन मथाई बाहेर पडले तेव्हा त्यांचंही भांडण साधारण ह्याच जागी होतं, नियोजन मंडळ हे दुसरं मंत्रिमंडळ होऊ पाहतंय म्हणून. म्हणजे ही कुरकुर एकट्या रुसलेल्या माणसाची नव्हती.

आता आकडा. निवेदनात बाबासाहेब म्हणतात की वर्षाला आपण ३५० कोटी रुपये महसूल गोळा करतो, त्यातले १८० कोटी सैन्यावर जातात. आमच्या अभ्यासमंडळात हे वाक्य वाचलं तेव्हा एका निवृत्त गिरणी कामगारानं लगेच जुन्या चलनात हिशेब केला, 'म्हणजे रुपयातले सव्वाआठ आणे!' बरोबर सव्वाआठ आणे. उरलेल्या पावणेआठ आण्यांत शाळा, दवाखाना, रस्ता, रॉकेल, सगळं. पुढं पहिली पंचवार्षिक योजना पक्की झाली ती २०६९ कोटींची. तीत शिक्षण, आरोग्य, घरं, मागासवर्गीयांचं कल्याण हे सगळं ज्या 'सामाजिक सेवा' नावाच्या सदरात घातलं त्याला पाच वर्षांत मिळून ३४० कोटी. बाबासाहेबांचा १८० चा आकडा धरला तर सैन्याच्या दोन वर्षांच्या खर्चापेक्षाही कमी. आपल्या आज्यांना वस्तीतली शाळा उशिरा का मिळाली ह्याचं उत्तर गावच्या पाटलाकडे आहेच, पण थोडं ह्या बेरजेतही आहे.

आणि इथंच त्यांनी परराष्ट्र धोरणाला हात घातला. सैन्यावर एवढा खर्च का? कारण मित्र नाहीत, अडचणीच्या वेळी कोण मदतीला येईल ह्याची खात्री नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला जगात आपलं वाईट चिंतणारा एक देश नव्हता, चार वर्षांत आपण एकटे पडलो, युनोत आपल्या ठरावाला अनुमोदन द्यायला कुणी उभं राहत नाही, असा त्यांचा आरोप होता. मित्र नाही म्हणून फौज, फौज म्हणून कर, आणि कर शेवटी मीठ-मिरची घेणाऱ्याच्या खिशातून. त्या पोराला मी हेच सांगितलं. परराष्ट्र धोरण आपल्या ताटापर्यंत येतं.

त्याच वर्षी ते अक्षरशः ताटात आलं होतं. पीक बुडालं होतं, बिहारात दुष्काळाची अवस्था होती. भारतानं अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं. १ फेब्रुवारी १९५१ ला युनोत चीनला कोरियातला आक्रमक ठरवणारा ठराव आला, भारतानं विरोधी मत दिलं, आणि वॉशिंग्टनमध्ये धान्याचं बिल रेंगाळत राहिलं. कर्जाच्या रूपानं ते मंजूर झालं जूनमध्ये. मधल्या काळात रशिया आणि चीनकडून काही धान्य आलं. भुकेल्या माणसाला भाकरी देताना त्याचं मत विचारणं हा अमेरिकेचा नीचपणा, ह्यात शंका नाही. पण स्वतंत्र धोरण चालवायचं तर कोठारात दाणे हवेत, हा धडाही त्यातच आहे. पुढं पी. एल. ४८० चा करार झाला, आणि दुष्काळात रेशनच्या दुकानावर लाल मिलो आला. ज्यांनी त्याच्या भाकरी खाल्ल्या त्यांना विचारा, गुरंही तोंड फिरवायची म्हणतात.

म्हणून काय बाबासाहेबांचं परराष्ट्र धोरणावरचं प्रत्येक मत ताम्रपट मानायचं? मी मानत नाही. अमेरिकेच्या गोटाकडे त्यांचा जो कल होता त्यावर वाद घालता येईल, घालावा. अमेरिकेशी ज्यांनी करार केले त्या पाकिस्तानचं लोकशाहीच्या बाबतीत काय झालं ते आपण पाहिलंय. उलट चीनबाबत ते बोलले ते मात्र खरं ठरलं. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते म्हणाले की पंचशील हा बुद्धाच्या धम्मातला भाग, माओचा त्यावर विश्वास असता तर त्यानं आपल्या देशातल्या बौद्धांना निराळं वागवलं असतं. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिलं म्हणजे चीनची हद्द आपणच आपल्या दारात आणली. ह्यानंतर आठ वर्षांनी १९६२ उगवलं. तेव्हा बाबासाहेब जाऊन सहा वर्षं झाली होती.

काश्मीरचं पान सगळ्यात जास्त लपवलं जातं, त्यामुळे त्यावर थोडं थांबतो. निवेदनात त्यांची सूचना अशी : हिंदू आणि बौद्ध भाग भारताकडे, मुसलमान भाग पाकिस्तानकडे. ते नको असेल तर तीन भाग करा, युद्धबंदीचा प्रदेश, खोरं आणि जम्मू-लडाख, आणि सार्वमत घ्यायचं ते फक्त खोऱ्यात. सगळ्या राज्याचं एकच सार्वमत घेतलं तर जम्मू-लडाखचे हिंदू-बौद्ध त्यांच्या मर्जीविरुद्ध पाकिस्तानात ओढले जातील, ही त्यांची भीती. आता गंमत बघा. २०१९ मध्ये ३७० कलम निकामी केलं तेव्हा बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना अमुक सुनावलं होतं असं एक वाक्य मोबाईलमोबाईलवर फिरलं. बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनात-भाषणांत ते वाक्य कुठं नाही. आणि जे त्यांनी सही करून छापायला दिलं, खोऱ्यातल्या लोकांना विचारा हे, ते मात्र कुणी फिरवत नाही. तुम्हाला त्यांची सूचना पटो न पटो. मला स्वतःला धर्मावर आखलेल्या रेघेची भीती वाटते. पण खोटा बाबासाहेब खपवून घेऊ नका.

धर्मावर आखलेल्या रेघेनं काय होतं, ते त्याच निवेदनातल्या पूर्व बंगालच्या ओळींत आहे. नुसतं काश्मीर काश्मीर काय करता, पूर्व बंगालात आपली माणसं कुठल्या हालात आहेत ते बघा, असं त्यांचं म्हणणं. ही माणसं कोण? त्यातली असंख्य नामशूद्र. म्हणजे ज्यांच्या मतांवर बाबासाहेब घटना समितीत गेले तीच.

आणि त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल? ते पाकिस्तानात राहिले. पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे ते हंगामी अध्यक्ष होते, पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. दोन नवे देश, एकाच आठवड्यात जन्मलेले, आणि दोघांनीही पहिला कायदेमंत्री अस्पृश्य जातीतला घेतला. कायदा लिहायला आमचा माणूस चालतो. १९५० च्या पूर्व बंगालच्या दंगलींत नामशूद्रांची गावं जळाली आणि मंडलांचं त्यांच्या मंत्रिमंडळात कुणी ऐकेना. ८ ऑक्टोबर १९५० ला त्यांनी लियाकत अलींना लांबलचक राजीनामा लिहिला. ते कलकत्त्याला आले. बरोबर एक वर्ष दोन दिवसांनी दिल्लीत बाबासाहेबांचं निवेदन बाहेर पडलं. ही दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचा, एका बैठकीत वाचून होतात.

मंडलांचे लोक निर्वासित होऊन आले. काहींना दंडकारण्यात नेऊन टाकलं, काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वसवले गेले. १९७९ मध्ये मरीचझापी बेटावर परतलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेही डाव्यांच्या राज्यात. गडचिरोलीतला नामशूद्र महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही. जिल्हा आपला, आंदोलन आपलं, आणि हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

मागासवर्गीयांचा मुद्दा निवेदनात थोडक्यात आहे, मीही थोडक्यात सांगतो. घटना लागू होऊन वर्ष उलटलं तरी मागासवर्गीयांसाठी आयोग नेमायचा विचारही सरकारनं केला नव्हता. तो नेमला गेला जानेवारी १९५३ मध्ये, कालेलकरांचा. अहवाल १९५५ ला आला आणि कपाटात गेला. ओबीसी बांधवांना १९९० पर्यंत वाट बघावी लागली. आमच्यासाठी पहिला आवाज कुणी काढला हे त्यांच्या वस्तीत जाऊन सांगायचं काम अजून अर्धं राहिलंय. अस्पृश्यांबद्दल त्यांनी लिहिलं की तोच छळ, तेच जुने अत्याचार, काही बदललं नाही. त्याच परिच्छेदात ते मुसलमानांच्या संरक्षणाशी तुलना करतात. त्या ओळीही आज कुणीकुणी सोयीनं उचलतात, म्हणून त्याही मुळातूनच वाचा.

आणि हिंदू कोड. चार वर्षं रखडवून सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमं मंजूर झाली आणि बिल बुडवलं. पुढं त्याचेच तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले, तेव्हा श्रेय घ्यायला बरेच जण हजर होते. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला उभे राहिले तर डेप्युटी स्पीकरनी आधी प्रत मागितली आणि वेळ दिली संध्याकाळी सहाची. ही सेन्सॉरशिप झाली, म्हणत ते बाहेर पडले आणि निवेदन वार्ताहरांच्या हाती दिलं. घटनेचा मसुदा ज्यानं त्या सभागृहासमोर मांडला त्याचं शेवटचं बोलणं त्या सभागृहानं ऐकलंच नाही.

तीन महिन्यांनी निवडणूक. निवडणुकीचे कायदे, १९५० चा आणि १९५१ चा, संसदेत त्यांनीच नेलेले. उत्तर मुंबईत ते सुमारे चौदा हजार मतांनी पडले. फेडरेशनच्या जाहीरनाम्यात परराष्ट्र धोरण होतं, खर्चाची काटकसर होती, उत्पादन वाढवण्याच्या गोष्टी होत्या. देशाच्या कारभारावरचा जाहीरनामा घेऊन अस्पृश्यांचा पक्ष उभा होता. लोकसभेत त्याचे दोघं पोचले, सोलापूरचे राजभोज आणि करीमनगरचे एम. आर. कृष्णा.

कुणी म्हणेल, नंतर जगजीवनरामांना संरक्षण खातं मिळालंच की, १९७१ चं युद्ध त्यांच्या मंत्रिपदात झालं. मिळालं. ते काँग्रेसच्या घरातले होते आणि घरातल्यांना किल्ल्या कधीमधी मिळतात. पण आपल्या मोर्च्यात संरक्षणाच्या खर्चावर एक फलक असतो का? १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली, लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढायचा. तो पैसा कुठल्या खात्यात वळवला, किती परत गेला, हे तपासणारे कार्यकर्ते एका हाताच्या बोटांवर. नियोजन मंडळच २०१५ च्या सुरुवातीला बंद झालं. आपण निषेधाचं पत्रक काढलं की नाही, मला आठवत नाही.

आमच्या मंडळात हे निवेदन वाचायला घेतलं तेव्हा तीन बैठका पहिल्या चार पानांतच गेल्या. इंग्रजी अडतं, आकडे अडतात, मधेच कुणाला फोन येतो. पुढच्या बैठकीला राज्याच्या अंदाजपत्रकाचे कागद आणायचे ठरलंय. शिबिरातल्या त्या पोराला कॅल्क्युलेटर घेऊन ये म्हणून सांगितलंय.